पुण्यात रोज सायकलने कामावर: गाडीवाल्यांशी खटके कसे टाळायचे, आणि उडालेच तर काय करायचं

सायकल आली, हेल्मेट आलं, सोमवारी सकाळी हौसेनं निघालात. नळस्टॉप यायच्या आत मागून हॉर्नचा भडिमार, एक आरसा कोपराला चाटून गेलेला आणि एकाने काच खाली करून दिलेला सल्ला: "फुटपाथवरून चालवा की!" बरेच जण इथेच सायकल पार्किंगला लावतात, ती पुन्हा काढत नाहीत.

पुण्यातले सायकलवाले आणि गाडीवाले यांच्यातले बहुतेक खटके एकाच कारणाने उडतात. पुढचा माणूस दोन सेकंदांनी कुठे असेल, याचा मागच्याला अंदाज येत नाही. गाडीवाल्यांच्या सवयी आपल्या हातात नाहीत, पण आपला अंदाज त्यांना देणं बऱ्यापैकी आपल्या हातात आहे. पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलं आहे.

१. आधी रस्ता निवडा

नकाशावरचा सर्वात जवळचा रस्ता बहुधा सायकलसाठी सर्वात वाईट असतो. रस्ता जोखताना गर्दीपेक्षा वेगातला फरक बघा. लक्ष्मी रस्त्यावर सगळेच रांगत असतात, त्यामुळे तिथे सायकलला फारसं कोणी खिजगणतीत धरत नसलं तरी जोरात धडकतही नाही. बाणेर रस्ता, नगर रस्ता, सोलापूर रस्ता मोकळे मिळाले की गाड्या पन्नाशी-साठी गाठतात आणि तुम्ही पंधरावर असता. धोका तिथे आहे.

मोठ्या रस्त्याला समांतर गल्ल्या शोधा. नळस्टॉपहून डेक्कनकडे यायचं तर कर्वे रस्त्याला चिकटून राहायची गरज नाही, प्रभात रस्ता आणि त्याच्या गल्ल्यांमधून येता येतं. पाच मिनिटं जास्त लागतील, पण डोकं शांत राहील. डेक्कनहून पेठांत जायला झेड ब्रिज चांगला, कारण त्यावर चारचाकी येत नाही. संध्याकाळी मात्र कडेला लावलेल्या गाड्यांवर बसलेल्या जोडप्यांपासून अंतर ठेवा. त्यांचं लक्ष रस्त्याकडे नसतं आणि ते असावं अशी अपेक्षाही नको. नदीपात्रातला रस्ता आणि भिडे पूल रोजच्या वाटेत धरत असाल तर पावसाळ्यासाठी दुसरी वाट ठरवून ठेवा. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की हे दोन्ही बंद होतात.

नवख्यांनी टाळायच्या जागा:

- कात्रज बोगदा ते नवले पूल हा महामार्गाचा उतार. अवजड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन इथे वारंवार अपघात झाले आहेत. जायचंच असेल तर सेवा रस्ता.
- चांदणी चौकातले रॅम्प. वाहनं वळत-वळत वेगात येऊन मिसळतात आणि सायकल त्यांना शेवटच्या क्षणी दिसते.
- कुठलाही उड्डाणपूल. चढावर तुमचा वेग दहाच्या खाली येतो, बाजूला सरकायला जागा नसते. पुलाखालचा रस्ता घ्या, भले दोन सिग्नल जास्त लागोत.
- बीआरटीची लेन. रिकामी दिसते म्हणून मोह होतो, पण मागून बस आली की बाहेर पडायला वाट नसते.

फर्ग्युसन रस्ता, जंगली महाराज रस्ता, बाजीराव रस्ता, शिवाजी रस्ता हे एकेरी आहेत. "सायकलला काय होतंय" म्हणून उलटं घुसू नका. उलट जायची वेळ आलीच तर उतरा आणि सायकल हातात धरून फुटपाथवरून चालत न्या.

वाट ठरली की एका रविवारी सकाळी सातला तिच्यावरून जाऊन या. खड्डे, चेंबरची झाकणं, गतिरोधक, उतार मनात नोंदवा. मग कामाच्या दिवशी, ज्या वेळेला निघणार त्याच वेळेला एक फेरी मारा. रविवारचा रस्ता आणि मंगळवारी साडेनऊचा रस्ता यांची तुलनाच नको.

सायकल ट्रॅकबद्दल दोन शब्द. महापालिकेने २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, त्याआधीपासूनही सातारा रस्त्यासारख्या ठिकाणी ट्रॅक होते. प्रत्यक्षात ट्रॅक मध्येच तुटतो, त्यावर दुचाक्या लागतात, तोंडाशी खांब असतात. जिथे सलग आणि रिकामा आहे तिथे वापरा. पण दर शंभर मीटरला ट्रॅकवरून खाली आणि खालून वर करत असाल, तर सरळ रस्त्यावरच राहा. असं मध्येच रस्त्यावर उतरणं हेच गाडीवाल्याला सर्वात अनपेक्षित असतं.

२. सायकलीवर आणि खिशात काय हवं

- पुढे पांढरा दिवा, मागे लाल. पुढचा दिवा खाली झुकवा, चार-पाच मीटरवर झोत पडला पाहिजे. समोरच्याच्या डोळ्यात गेला तर तो चिडून डिपर मारणार आणि त्याला तुम्ही दिसणारही नाही. मागचा दिवा दिवसासुद्धा चालू ठेवा.
- घंटी. हँडलवर अंगठा सहज पोचेल अशी बसवा. "अहो बाजूला!" ओरडलं की भांडण सुरू होतं, घंटी वाजवली की बहुतेक वेळा वाट मिळते.
- उजव्या हँडलला छोटा आरसा. पुण्यात हेल्मेटच्या खालोखाल उपयोगाची वस्तू हीच. आरसा असला तरी वळण्याआधी मान वळवून बघायचंच.
- घोट्यांना चमकणाऱ्या पट्ट्या. पेडल मारताना त्या वर-खाली होतात, त्यामुळे अंगातल्या जॅकेटपेक्षा आधी नजरेत भरतात.
- ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर. त्याहून बारीक टायर चेंबरच्या जाळीत आणि पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं.
- दोन्ही ब्रेक. लिव्हर पूर्ण दाबला तरी हँडलच्या दांड्याला टेकता कामा नये. टेकत असेल तर वायर ओढून घ्या.
- जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, ४ आणि ५ मिलिमीटरच्या ॲलन की.
- आधारची प्रत, रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, आरोग्य विम्याचं कार्ड. फोन लॉक असतो, चिठ्ठी लॉक नसते.
- सायकलीचं बिल आणि फ्रेम नंबरचा फोटो फोनमध्ये. हा नंबर बहुधा पेडलच्या धुऱ्याखाली कोरलेला असतो.

साध्या सायकलला लायसन्स, नोंदणी, विमा काही लागत नाही. ई-सायकलला मोटार २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच ही सूट आहे. दुकानात जास्त ताकदीचं किट बसवून घेतलं तर ती कायद्याने मोटार वाहन ठरते आणि अपघात झाला की हा मुद्दा तुमच्याच अंगाशी येतो.

कानात इअरफोन नको, एकाही कानात नको.

३. रस्त्यावर कुठे चालवायचं

नवीन माणूस भीतीपोटी अगदी कडेला चिकटतो आणि सगळ्यात जास्त कट त्यालाच बसतात. कडेला चिकटलात की मागच्याला वाटतं, त्याच लेनमधून जाता येईल, आणि तो तुम्हाला घासून जातो. कडेलाच चेंबर, खडी, साचलेलं पाणी, फुटपाथवरून अचानक उतरणारा माणूस. चुकवायचं तर एकच दिशा उरते, उजवीकडे, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीच्या पुढ्यात.

म्हणून:

- फुटपाथच्या कडेपासून पाऊण ते एक मीटर आत चालवा. डावीकडे सरकायला जागा राहिली पाहिजे.
- उभ्या गाड्यांपासून किमान सव्वा मीटर. मोटारीचं दार साधारण मीटरभर उघडतं. पुढे जाता जाता उभ्या गाडीच्या मागच्या काचेतून बघा. ड्रायव्हरच्या जागेवर डोकं दिसतंय का, ब्रेकचा दिवा नुकताच विझला का, पुढचं चाक रस्त्याकडे वळलंय का. तिन्हीपैकी एक जरी दिसलं तरी वेग कमी आणि बोटं ब्रेकवर.
- दोन उभ्या गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत शिरू नका. आत गेलात की दिसेनासे होता आणि वीस मीटरवर पुन्हा बाहेर येता. मागच्याला वाटतं, तुम्ही अचानक आडवे आलात, आणि त्याचं चूक नसतं. एक सरळ रेघ धरा.
- गल्ली अरुंद असेल, किंवा चौक पन्नास मीटरवर असेल, तर लेनच्या मध्यावर या. "इथून मला ओलांडता येणार नाही" हे मागच्याला लांबूनच कळलं पाहिजे.

लेन धरायची तशी सोडायचीही. तुमच्या मागे चार-पाच गाड्या साचल्या आणि पुढे डावीकडे जागा मिळाली, की बाजूला व्हा, हात हलवून जायला सांगा. पाच सेकंद जातात. रस्ता अडवून बसलेला सायकलवाला ही गाडीवाल्यांची खरी तक्रार आहे, आणि ती रास्तही आहे.

थांबायला किती अंतर लागतं, ते डोक्यात ठेवा. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंतच एक सेकंद जातो, मग थांबायला आणखी तीन-चार मीटर. कोरड्या रस्त्यावर पुढे आठ-नऊ मीटर मोकळं नसेल तर तुम्ही फार जवळ आहात.

४. कोणापासून काय सांभाळायचं

रिक्षा. प्रवाशाने हात केला की रिक्षा तिरकी डावीकडे येते, इंडिकेटरची वाट बघू नका. तिच्या पुढच्या चाकाकडे आणि फुटपाथवर हात वर केलेल्या माणसाकडे नजर ठेवा. रिकामी रिक्षा हळू चाललीय म्हणजे ती प्रवासी शोधतेय. तिच्या डावीकडून कधीच जायचं नाही.

पीएमपीची बस. थांब्यावर ती डावीकडे येणारच. बस आणि फुटपाथ यांच्या मधल्या फटीत शिरलात तर ती फट बंद होते, शिवाय उतरणारे प्रवासी थेट तुमच्या अंगावर. मागे थांबा. थांबलेल्या बसला उजवीकडून ओलांडायचं असेल तर आधी मागे बघा आणि बसचा उजवा इंडिकेटर बंद असल्याची खात्री करा. एकाच बसशी तीन-तीन थांबे पुढे-मागे करत बसू नका. एकदा तिला पुढे जाऊ द्या, विषय संपतो.

राँग साइडने येणारी दुचाकी. हा पुण्याचा खास प्रकार. ती कडेला चिकटून तुमच्या समोर येते, आणि तिला चुकवायला तुम्ही झटकन उजवीकडे गेलात की मागची गाडी तुम्हाला धडकते. रेघ सोडू नका, वेग कमी करा, घंटी वाजवा. उजवीकडे जायचंच तर मागे बघून. नाहीतर डावा पाय टेकून थांबा आणि त्याला जाऊ द्या. तो चुकलाय हे त्याला माहीत असतं. ते समजावून सांगायला चालत्या रस्त्यासारखी वाईट जागा नाही.

डंपर, टँकर, सिमेंट मिक्सर. इथे एकच नियम, डावीकडे उभं राहायचं नाही. ड्रायव्हर उंचावर बसतो, केबिनच्या डाव्या दाराशी आणि अगदी पुढ्यात असलेला सायकलवाला त्याला दिसत नाही. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात, म्हणजे पुढचं चाक तुम्हाला सोडून गेलं तरी मागचं सोडेलच असं नाही. सिग्नलला त्याच्या मागे थांबा.

टॅक्सी आणि डिलिव्हरीवाले फोनवर पत्ता बघत असतात. वेग अचानक कमी झाला की ते वळणार किंवा थांबणार असं धरून चाला.

५. चौक कसा ओलांडायचा

सरळ जाणाऱ्या सायकलला मागून येऊन ओलांडायचं आणि लगेच तिच्यासमोरून डावीकडे वळायचं, हा चौकातला नेहमीचा घात. अंगावर घातली असं वाटतं. खरं तर ड्रायव्हरने तुमचा वेग कमी धरलेला असतो. यावर उपाय वर सांगितला तोच: चौकाआधी पन्नास मीटर लेनच्या मध्यावर या. मग त्याला तुमच्या मागेच राहावं लागतं. डावीकडे सतत मोकळं वळण असलेल्या चौकात सरळ जायचं असेल तर डाव्या लेनमध्ये उभे राहू नका. मागचे हॉर्न मारणारच, आणि त्यांना वळायचा हक्क आहे.

लेन बदलायची रीत: मागे बघा, हात सरळ बाहेर काढा, दोन सेकंद थांबा, पुन्हा बघा, मग सरका. हात दाखवत दाखवत सरकणं म्हणजे सांगणं नव्हे.

उजवीकडे वळायला विद्यापीठ चौक, संचेती चौक, स्वारगेटचा जेधे चौक अशा ठिकाणी मध्यापर्यंत जायच्या भानगडीत पडू नका. दोन टप्प्यांत वळा. हिरव्या सिग्नलला सरळ पलीकडे जा, तिथे डाव्या कोपऱ्यात झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे सायकल उजवीकडे तोंड करून उभी करा, आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की निघा. एक सिग्नल जास्त लागतो, एवढंच.

लाल सिग्नल तोडू नका. पोलीस सायकलवाल्याला सहसा अडवत नाहीत हे खरं, पण चौकातल्या पन्नास गाडीवाल्यांच्या मनात "हे सायकलवाले असलेच" हे पक्कं होतं, आणि त्याचा हिशोब पुढच्या सायकलवाल्याकडून वसूल होतो.

६. पावसाळा

पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, लोखंडी झाकणं, मेट्रोच्या कामाचे पत्रे ओले असले की त्यांवर वळायचं नाही आणि ब्रेकही दाबायचा नाही, सरळ पार व्हायचं. रिमला धरणारे ब्रेक ओले असताना चाकाचे पहिले काही फेरे नुसतं पाणी पुसतात, म्हणून आधीच हलके दाबायला लागा. साचलेल्या पाण्यातून जायचं नाही. खाली चेंबर उघडं आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नसतं.

७. खटका उडालाच तर

पहिली गोष्ट, चालत्या रस्त्यावर उत्तर द्यायचं नाही. पुढच्या सिग्नलला तो भेटलाच आणि बोलावंसं वाटलं, तर एकच वाक्य: "दादा, जरा लांबून घ्या, पडलो असतो." पुण्यात टोमणा मारायची खुमखुमी अनावर असते, ती आवरा. टोमण्याला टोमणा येतो आणि मग दोघांनाही ऑफिसला उशीर होतो.

- गाडीला हात लावू नका. बोनेटवर थाप मारली, आरसा वाकवला की तक्रारदार तो होतो.
- त्याच्यापुढे सायकल आडवी घालू नका.
- तो गाडीतून उतरून आला तर सायकल तुमच्या आणि त्याच्यामध्ये ठेवा आणि माणसं असतील अशा जागी, दुकानासमोर किंवा पेट्रोल पंपावर जा.
- पाठलाग, धमकी, मारहाण असेल तर थेट ११२.
- गाडीचा नंबर मनात धरू नका, फोनमध्ये बोलून रेकॉर्ड करा. एमएच १२ पुणे, एमएच १४ पिंपरी-चिंचवड. पुढची अक्षरं आणि चार आकडे महत्त्वाचे. रंग आणि वेळही बोला.

आणि चूक तुमची असेल तर "सॉरी, माझं चुकलं" म्हणून हात वर करा. बेदरकारपणे वाहन चालवण्याचं भारतीय न्याय संहितेतलं कलम २८१ कुठल्याही वाहनाला लागू आहे, त्यातून सायकल सुटत नाही.

८. धडक बसली तर

१) आधी रस्त्याच्या बाहेर या. मान किंवा पाठ दुखत असेल तर हलू नका, लोकांना गाड्या वळवायला सांगा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. मदत करणाऱ्याला पोलीस जबरदस्तीने साक्षीदार करू शकत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ मध्ये त्याला संरक्षण आहे. लोक बिचकत असतील तर हे सांगा.

२) फोटो काढा: गाडीची नंबर प्लेट, दोन्ही वाहनं जिथे थांबली ती जागा, रस्त्यावरच्या खुणा, आसपासच्या दुकानांच्या पाट्या. शक्य असेल तर सायकल हलवण्याआधी. दुकानांचे कॅमेरे कुठे आहेत ते बघा आणि मालकाला त्याच दिवशी फुटेज जपून ठेवायला सांगा. बऱ्याच यंत्रांत काही दिवसांनी जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं.

३) तिथल्या तिथे मिटवू नका. हा सर्वात मोठा सापळा. गाडीवाला घाबरलेला असतो, पाचशे-हजार पुढे करतो, आपल्यालाही वाटतं खरचटलंय फक्त. पडताना माणूस तळहात टेकतो, त्यात मनगटाचं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडू शकतं. पहिल्या एक्स-रेत ते बऱ्याचदा दिसतच नाही. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबून दुखत असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे करावा लागतो. तोवर "माझी तक्रार नाही" असा कागद सही करून दिलेला असेल तर पुढे ताणाताण होते.

४) दवाखान्यात "रस्ता अपघात" असंच सांगा, "घरी पडलो" नको. मग नोंद वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून होते आणि पुढच्या सगळ्या कागदांना आधार मिळतो. २०२५ पासून केंद्राची योजना आहे. मोटार वाहनामुळे अपघात झालेल्या व्यक्तीला ठरावीक रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोकड न भरता मिळतात. भरती होतानाच विचारा.

५) गुन्हा नोंदवा. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर हद्द कोणतीही असली तरी तक्रार नोंदवून घेता येते, तिला झिरो एफआयआर म्हणतात, हे शांतपणे सांगा. प्रत मोफत मिळते, घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

६) भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो, पुण्यात शिवाजीनगरच्या न्यायालयात. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा. गाडीचा तृतीय पक्ष विमा बंधनकारक असतो, त्यामुळे पैसे साधारणपणे विमा कंपनीकडून येतात. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी शासकीय योजनेतून गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात. त्यासाठीही एफआयआर लागतोच.

जपायचे कागद: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, दवाखान्याची पहिल्या दिवसाची नोंद आणि जखमेचं प्रमाणपत्र, सगळी बिलं आणि औषधांच्या चिठ्ठ्या, एक्स-रेच्या फिल्म, पगाराच्या स्लिपा आणि रजेचा दाखला, सायकलीचं मूळ बिल, दुरुस्तीचा लेखी अंदाज. दुरुस्तीआधी सायकलीचे फोटो काढून ठेवा. हेल्मेट आपटलं असेल तर बाहेरून धड दिसलं तरी पुन्हा वापरू नका, पण फेकूही नका. दावा निकाली निघेपर्यंत तो पुरावा आहे. सायकल पुन्हा रस्त्यावर काढण्याआधी पुढचा फोर्क आणि चाकं मेकॅनिककडून तपासून घ्या. फोर्कला गेलेली केसासारखी चीर घरी दिसत नाही आणि तो तुटतो तेव्हा पुढचं चाकच निसटतं.